कवीच्या नावाची स्पर्धा थांबवा, आधी त्याच्या वह्या उघडा

शाईडाग (धागालेखक):

एका दिवंगत कवीच्या नावाने चालणाऱ्या न्यासाचं काम मी बघतो. कवीचं आणि न्यासाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे दुखणं एकट्या आमचं नाही. जन्मशताब्दी तोंडावर आली आहे आणि शिल्लक निधी कशावर खर्चायचा यावरून बैठकीत दोन तट पडलेत. बहुमताचं म्हणणं असं की दरवर्षीची काव्यस्पर्धा राज्यस्तरावर न्यावी, बक्षिसं वाढवावीत. नव्यांना प्रोत्साहन मिळेल, कवीचं नावही राहील. माझं म्हणणं, स्पर्धा काही वर्षं बंद ठेवा आणि कवीच्या वह्या, पत्रं, मासिकांत विखुरलेल्या कविता आधी मार्गी लावा.

आज अवस्था काय आहे? कवीचा एकही संग्रह विकत मिळत नाही. वह्या एका कपाटात पडून आहेत. त्यातली काही पानं कुणीतरी फार प्रेमाने लॅमिनेट करून घेतलीत, एका वहीच्या कण्यावर खाकी चिकटपट्टी आहे. ट्रॉफी मात्र दरवर्षी नव्या डिझाइनची. मागच्या खेपेला सूत्रसंचालकाने विजेत्याला मंचावरच विचारलं, आमच्या कवींची तुमची आवडती कविता कोणती? तो बिचारा नुसता हसला. त्याचा काय दोष? वाचणार कुठून?

केशवसुत १९०५ मध्ये गेले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. १९१७ साली हरि नारायण आपट्यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने आणली. बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या नसत्या तर १९५२ साली छापायला काय उरलं असतं? कुणीतरी ते किचकट, बिनटाळ्यांचं काम केलं म्हणून पुढच्या पिढ्यांना प्रेरणा वगैरे मिळाली.

तेव्हा आधी संहिता, मग सोहळा. बोला.

उंबरठा:

साफ असहमत.

तुमचीच उदाहरणं जरा पुढे न्या. १९४२ मध्ये कुसुमाग्रज तिशीचे होते. वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून 'विशाखा' काढला. तेव्हा खांडेकरांनी काय म्हणायला हवं होतं, थांब बाबा, आधी केशवसुतांचे कागद लावून होऊ देत? आणि आज मुक्त विद्यापीठाचं कुसुमाग्रज अध्यासन नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाला पुरस्कार देतं, त्याचं नावच 'विशाखा'. जो संग्रह दुसऱ्याच्या पदरमोडीमुळे निघाला, त्याच्या नावाने नव्या माणसाच्या पाठीवर हात. वारसा म्हणतात तो हाच. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या पहिल्या संग्रहाला नाटककार विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हाही एका नावाजलेल्या माणसाने दार उघडून धरलं होतं.

बहिणाबाईंचंही तेच. टिपून ठेवलेल्या वह्या तशाच राहिल्या असत्या. अत्र्यांसारख्या माणसाने त्या उचलून धरल्या, प्रस्तावना लिहिली, म्हणून घरोघरी गेल्या. आपट्यांनी तरी काय केलं? सूची करत बसले नाहीत, पुस्तक काढलं.

दुसरं, तुमचा न्यास हौशी मंडळींचा असणार. अशांना कार्यक्रम जमतो, पाठभेद, म्हणजे एकाच कवितेची वेगवेगळी रूपं ताडून बघणं, जमत नाही. ते काम विद्यापीठाच्या मराठी विभागाला द्या. स्पर्धा बंद पडली की दोन वर्षांत लोक न्यासालाच विसरतील, मग वह्यांना वाली कोण?

मधलं कडवं:

मी त्या 'नव्या कवीं'पैकी आहे, ज्यांच्या नावाने दोघेही भांडताय. माझं म्हणणं दोघांनाही आवडणार नाही.

स्पर्धा हे प्रोत्साहन नाही. अर्ज कसा असतो सांगते. कविता वीस ओळींच्या आत हवी. विषय दिलेला, तो बहुतेक वेळा आई, पाऊस किंवा शेतकरी. सोबत प्रवेशशुल्क. निकालात पहिले तीन, मग उत्तेजनार्थची लांबलचक रांग. मग फोन येतो, तुमची कविता आमच्या प्रातिनिधिक संग्रहात घेतोय, अभिनंदन, फक्त प्रती घ्याव्या लागतील. त्या प्रती आम्हीच घेतो आणि आमच्याच नातेवाइकांना देतो. माझ्या कवितेत तिसरी ओळ सैल आहे हे आजवर एकाही परीक्षकाने सांगितलेलं नाही. परिपत्रकावर 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' एवढंच असतं. कारण राहूच दे.

आणि काही ठिकाणी विषयच असा असतो की अमुक कवींच्या शैलीत कविता लिहा. जिवंत माणसाला मेलेल्या माणसाचा अंगरखा घालायला लावायचा आणि तो बसतो की नाही यावर गुण द्यायचे!

मला हवंय असं कुणी, जो कविता वाचेल आणि पेन्सिलीने खुणा करून परत देईल. त्याला ट्रॉफी लागत नाही, वेळ लागतो.

टवाळ:

तिसरी वाट सुचवतो, हलक्यात घ्या किंवा नका घेऊ. विडंबन स्पर्धा ठेवा. १९२५ साली अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने 'झेंडूची फुले' काढून रविकिरण मंडळ या तेव्हाच्या कवींच्या गटाची यथेच्छ खिल्ली उडवली. ते कवी मागे पडले तरी त्यांच्या लकबी त्या पुस्तकात शाबूत आहेत. शिवाय विडंबन करायचं तर मूळ कविता घोटून वाचावी लागते. तुमच्या पुढच्या विजेत्याला मंचावर हसून वेळ मारून न्यावी लागणार नाही.

उंबरठा:

@टवाळ, न्यासाचे विश्वस्त फेफरं येऊन पडतील. पण मुद्दा बिनतोड आहे.

कात्रणवही:

मी जुन्या कागदपत्रांचं काम करते, म्हणून आधी कामाचं बोलते.

लॅमिनेट केलेली पानं सोडवायचा प्रयत्न घरी करू नका. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक कागदाच्या तंतूंना धरून बसतं, ओढलं की अक्षरासकट कागद येतो. आहे तसं ठेवा, जाणकाराला दाखवा, आणि तोवर दुसरं एकही पान लॅमिनेट होऊ देऊ नका. चिकटपट्टीचंही तेच, तिचा डिंक कागदात उतरून पिवळा डाग पडतो. टाचण्या, क्लिपा काढा, त्या गंजतात. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, ओल येते. पानावर क्रमांक घालायचे तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे.

स्कॅन करताना रंगीत करा, ६०० डीपीआयला (म्हणजे बारीक तपशिलात), मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवा आणि वाचायला वेगळी पीडीएफ करा. कोरी पानं, मागचं पुठ्ठं, मध्येच खोचलेली चिठ्ठी किंवा तिकीट, सगळं त्याच क्रमाने घ्या. 'निरुपयोगी' म्हणून गाळलेल्या चिठ्ठीवरच कधीकधी तारीख सापडते. फाइलचं नाव म्हणजे वही क्रमांक आणि पान क्रमांक. 'कविता नवीन फायनल दोन' अशी नावं मी बघितलीत आणि ती उलगडण्यात माझे केस पांढरे झालेत. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

मासिकांतल्या कवितांची सूची वेगळी करा. कविता, मासिक, महिना, वर्ष आणि संग्रहात घेताना शीर्षक किंवा ओळी बदलल्या का, इतकं पुरे. यात पैसा फार जात नाही, दोन चिकट माणसं लागतात. त्यामुळे धाग्याच्या शीर्षकातलं 'थांबवा' मला पटलं नाही. निधी पुरत नाही म्हणून वह्या पडून नाहीत. बसून काम करायला कुणी तयार नाही म्हणून पडून आहेत. स्पर्धा बंद केल्याने ती माणसं उगवणार नाहीत.

कलम बावन्न:

सगळं ठीक, पण वारसांना विचारलंत का?

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. आधी ५० होती, १९९२ मध्ये वाढवली. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून कुणीही छापू शकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. वहीतल्या अप्रकाशित कवितांचं गणित निराळं आहे. कवीच्या पश्चात त्या पहिल्यांदा जेव्हा छापल्या जातील, तिथून ६० वर्षं मोजायची.

वही तुमच्या कपाटात आहे म्हणजे कविता तुमची झाली असं नाही. कागदाची मालकी वेगळी, छापण्याचा हक्क वेगळा. जपणुकीसाठी स्कॅन करून ठेवणं एक, आणि ते सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकणं दुसरं. त्या दुसऱ्यासाठी लेखी परवानगी हवीच.

हाच न्याय नव्यांनाही लावा. स्पर्धेच्या नियमांत 'पाठवलेल्या कवितांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' हे वाक्य एकमेकांचं बघून उतरवलेलं असतं. तुमच्या पत्रकात असेल तर आजच काढा.

शाईडाग:

@कलम बावन्न, ते वाक्य आहे. काढायला लावतो. वारस दोन आहेत. एकाचा तोंडी होकार आहे, दुसऱ्यांच्या उत्तराची वाट बघतोय.

@उंबरठा, विद्यापीठावर ढकलणं सोपं आहे. विभागाकडे नुसते कपाटभर कागद नेऊन दिले तर तिथे दुसऱ्या कपाटात जातील. निदान यादी करून दिली तर एखादा संशोधक त्यावर काम करेल.

@मधलं कडवं, तुमच्यासाठी एक गोष्ट. एका वहीत अशी कविता आहे जी छापील संग्रहात बारा ओळींची आहे. वहीत तिचे खर्डे पानामागून पान चाललेत. शेवटचं कडवं कवीने पुन्हापुन्हा लिहिलंय, खोडलंय, एक विशेषण चार वेळा बदलून परत पहिल्यावर आलाय. आणि छापताना अख्खं कडवंच गाळलंय. समासात एकच शब्द: 'बडबड'. माझ्या हट्टाचं कारण हे पान आहे. कविता लिहिणाऱ्याला यातून जे कळेल ते कुठल्या स्पर्धेत कळेल?

मधलं कडवं:

हे पान मला बघायचंय. स्पर्धेच्या जागी हे करा ना. दहा-बाराजणांना बोलवा, खर्डे आणि छापील कविता शेजारी ठेवा, काय गेलं आणि का गेलं यावर बोलू. मग आमच्या कविता काढा आणि तेवढ्याच निर्दयपणे वाचा. वह्यांची नक्कल करायला माणसं नाहीत म्हणता? आम्ही करतो. नक्कल करताना ओळ हातातून जाते, ते नुसत्या वाचण्याने होत नाही.

उंबरठा:

थांबा, माझा खरा आक्षेप इथेच आहे. कवीने जे 'बडबड' म्हणून फेकलं, ते तुम्ही जन्मशताब्दीला लोकांपुढे मांडणार. त्याने निर्णय घेतला होता, बारा ओळी ठेवायच्या. हा माणूस चुकलेल्या ओळी लपवत होता आणि तुम्ही त्याचा सन्मान म्हणून त्या दाखवताय? उद्या कुणीतरी 'समग्र' कवितांच्या पुस्तकात ते कडवं कंसात टाकेल, परवा शाळेच्या पुस्तकात कंसही जाईल.

आणि नक्कल करून घेण्याबद्दल. एका कवीच्या खर्ड्यांत बुडालेली पोरं त्याच्यासारखंच लिहू लागतात. राम गणेश गडकरी स्वतःला केशवसुतांचा सच्चा चेला म्हणवून घेत, पण ते गडकरी होते, पचवून वेगळे झाले. बाकीच्यांच्या नुसत्या तुताऱ्या होतात. मराठीत नवी कविता दर वेळी वारसा नाकारूनच आली आहे. साठच्या दशकात स्वतःचे छोटे, अनियमित अंक काढणाऱ्या लघुअनियतकालिकवाल्यांनी कुणाच्या न्यासाकडे हात पसरले नव्हते. स्वतः चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेले) अंक काढले, 'सत्यकथा' या तेव्हाच्या प्रतिष्ठित मासिकाची होळी केली.

कात्रणवही:

@उंबरठा, मग नव्यांना न्यासाच्या स्पर्धेचीही गरज नाही, तुमच्याच न्यायाने. पहिल्या प्रतिसादात दार उघडून धरायचं होतं, आता दाराला लाथ मारायचीय.

बाकी, त्या अंकांचं आज काय झालंय माहीत आहे? छपाई साधी, कागद हलका, प्रती मोजक्या. संपूर्ण संच शोधताना संशोधकांची दमछाक होते. बंडाचेही कागद कुणीतरी जपावेच लागतात.

उंबरठा:

दुसऱ्या मुद्द्यावर गप्प बसतो. पहिल्यावर नाही. दोन्ही खरं आहे, काहींना दार लागतं, काहींना लाथ. गाळलेल्या कडव्याबद्दल कुणीच उत्तर दिलं नाही.

शाईडाग:

देतो. छापणार नाही. 'समग्र'मध्ये फक्त कवीने छापलेलं येईल, मासिकातले पाठभेद तळटीपेत. खर्डे वाचनालयात, वारसांच्या लेखी परवानगीने, समोर बसून बघायला. फोटो काढायचे नाहीत. आणि कार्यशाळेत एकट्या आमच्या कवीचेच खर्डे नकोत हे मान्य. कुणी हयात कवी स्वतःचे खोडलेले कागद आणायला तयार असेल तर तेही टेबलावर.

कलम बावन्न:

तोंडी होकार धरून चालू नका. दोन्ही वारसांच्या सह्या, कशासाठी परवानगी, किती काळ, हे स्पष्ट लिहून.

मधलं कडवं:

हयात कवी खर्डे आणतील? बहुतेकांचे खर्डे मोबाइलवर असतात आणि खोडलं की गेलं. मी तर मेसेजमध्ये स्वतःलाच पाठवते आणि नको ते डिलीट करते. मी पुढच्या महिन्यापासून वहीत लिहायचं ठरवतेय, पण तुमच्या न्यासासाठी नव्हे.

उंबरठा:

ठीक. बैठकीत मांडायचा ठराव आधी इथे टाका. त्यात नव्यांच्या कविता वाचून खुणा करून देणाऱ्याच्या मानधनाची ओळ हवी, फुकट वाचणारा परीक्षक चहाच्या कपाबरोबर निकाल लावतो. ती ओळ दिसली नाही तर मी परत येतोच आहे.