राक्षस मुका केला तो रंगभूमीने

फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची वाचा १९३१च्या सिनेमाने घालवली, असं म्हणतात, ते मला पटत नाही. १८२३मध्ये लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीकचं ‘प्रिझम्प्शन’ हे त्या कथेवरचं नाटक आलं, त्यातच तो मुका होता. मेरी शेलीच्या मूळ कादंबरीत तो कवी मिल्टन वाचतो, आपल्या निर्मात्याला जाब विचारतो, इथे राक्षस झालेला नट टी. पी. कुक सगळं अंगविक्षेपांतून सांगायचा. संगीत ऐकून तो विरघळतो, हे मात्र नाटकाने छान राखलं. घाबरट नोकर फ्रिट्झही याच नाटकातला.

आणि जाहिरातीतल्या पात्रयादीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती! मेरी शेली त्या ऑगस्टमध्ये स्वतः प्रयोग पाहून आली, तिला ती रेघ फार आवडली. मला तीच सर्वांत जास्त छळते. जन्म दिला, पण बारसं केलंच नाही.