डीप पर्पलचं 'मेड इन जपान' नक्की ऐकायचं कसं?

रात्रपाळी:
मंडळी, एक प्रश्न आहे. गेले काही महिने जुनं हार्ड रॉक ऐकायचा सपाटा लावलाय, त्यात डीप पर्पल या इंग्लिश बॅन्डचा 'मशीन हेड' हा स्टुडिओ अल्बम तर इतक्या वेळा झालाय की त्यातल्या हायवे स्टारचा गिटार सोलो मला तोंडपाठ आहे. ऑफिसातले एक सर म्हणाले, ते सगळं ठीक, पण त्यांचा लाइव्ह अल्बम 'मेड इन जपान' ऐकल्याशिवाय डीप पर्पल ऐकलं म्हणू नकोस. म्हणून परवा रात्री लावला. हायवे स्टार आवडलं, पण पुढे गडबड झाली. स्मोक ऑन द वॉटरची सुरुवातच वेगळी वाजवलीये, चाइल्ड इन टाइम 12 मिनिटं, आणि स्पेस ट्रकिन' जे स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटपतं ते इथे जवळजवळ 20 मिनिटं! मध्येच गाणं कुठे गेलं तेच कळेना. मला नावं ठेवायची नाहीयेत, मला हे खरंच आवडून घ्यायचंय. ज्यांचा जीव आहे यावर त्यांनी सांगा ना, तुम्ही नक्की काय ऐकता त्यात?

घाटमाथा:
हेडफोन लावा आणि एका वेळी एकाच माणसाच्या मागे जा, बाकीचे आपोआप ऐकू येतात. गिटार आणि ऑर्गन दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत त्यामुळे सोपं पडतं. आणि जो सोलो तुम्हाला पाठ आहे तोच मुद्दाम ऐका, रिची ब्लॅकमोरने स्टुडिओत तो आधी नीट बसवून वाजवला होता, इथे तो त्या वाटेने जातो आणि मध्येच सुटतो, आणि तो कुठे सुटला हे तुम्हाला लगेच कळेल कारण मूळ पाठ आहे. ज्याला बंदिश माहीत नाही त्याला गवयाने काय केलं ते कसं कळणार, तसंच आहे हे.

दुसरं म्हणजे हे ऑगस्ट 1972 चं रेकॉर्डिंग आहे. 15 आणि 16 ला ओसाका, 17 ला टोकियोचं बुडोकान. 'मशीन हेड' आला त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे ही गाणी तेव्हा नवीकोरी होती, आज आपण ज्याला क्लासिक म्हणतो ते त्या हॉलमधल्या लोकांसाठी क्लासिक झालेलंच नव्हतं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने आठ ट्रॅकवर जे टिपलं तेच, नंतर स्टुडिओत बसून काही पुन्हा वाजवलं नाही.

आणि स्ट्रेंज काइंड ऑफ वुमनचा शेवट सोडू नका. ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा फेकतो, इयन गिलन तो गळ्याने जसाच्या तसा परत करतो, मग आणखी वर, मग आणखी अवघड, अगदी फडावरचे सवाल-जवाब. शेवटी गिलन जी किंकाळी मारतो ना, मी शेकडो वेळा ऐकलीये आणि अजून अंगावर काटा येतो.

जुना_टेपरेकॉर्डर:
वरच्या सगळ्याला +1. माझं थोडं वेगळं आहे ते सांगतो. शाळेत असताना मामाने मला हा अल्बम साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून दिला होता. अल्बम 75 मिनिटांच्या वर, म्हणजे मावणार कसा, तर ए बाजूला 'द म्यूल' हे गाणं त्यातला ड्रम सोलो सुरू होता होता तुटायचं आणि बी बाजूला स्पेस ट्रकिन' साधारण अर्ध्यावर आलं की बटण खट्‌कन वर. कित्येक वर्षं माझ्यासाठी ते गाणं तिथेच संपायचं, पुढे काही आहे हेच माहीत नव्हतं!

नोकरी लागल्यावर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून सीडी घेतली (आता ते दुकानही नाही, 2016 ला बंद झालं, फार वाईट वाटलं होतं). घरी येऊन थेट शेवटचंच गाणं लावलं, आणि जिथे खट्‌ व्हायचं ती जागा आली आणि गेली आणि गाणं चालूच राहिलं. मी खुर्चीत अक्षरशः पुढे सरकून बसलो. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्पमधून वाजवायचा, त्यामुळे तो देवळातल्या पेटीसारखा गोड न लागता गुरगुरतो, मग सगळं एकदम हळू होतं, कुणालाच घाई नसते, एकजण काहीतरी शोधतोय आणि बाकीचे त्याला जागा देतायत. तुम्ही म्हणता ना गाणं कुठे गेलं, ते त्यांनाही त्या क्षणी पुरतं ठाऊक नसावं असं मला वाटतं आणि मला तेच ऐकायचं असतं. मूळ एलपीत चौथी अख्खी बाजू या एका गाण्याला दिली होती, उगाच नाही.

सोनचाफा:
माझं मत जरा वेगळं. चाइल्ड इन टाइम मला 1970 च्या 'इन रॉक' मधलंच जास्त भिडतं, त्यात जी सलग चढण आहे ती लाइव्हमध्ये सोलोंमुळे तुटते. आवडलं नाही एखादं तर नाही आवडलं, स्वतःवर जबरदस्ती नको.

लांबी जड जात असेल तर आधी द हूचं 'लाइव्ह ॲट लीड्स' ऐका. 14 फेब्रुवारी 1970, लीड्स विद्यापीठाच्या जेवणाच्या हॉलमध्ये, मूळ एलपीवर फक्त सहा गाणी. एक गिटार, एक बास, एक ड्रम्स आणि तरी सगळी खोली भरलेली. त्या रेकॉर्डच्या लेबलवरच लिहिलं होतं की खरखर आहे ती असू दे, दुरुस्त करू नका. मला ते फार आवडतं. याच्या उलट थिन लिझीचं 'लाइव्ह अँड डेंजरस' (1978), त्यातलं किती मंचावरचं आणि किती नंतर स्टुडिओत भरलेलं यावर निर्माता टोनी विस्कॉन्टी आणि बॅन्डचं कधीच पटलं नाही. पण ऐकायला दोन्ही सुंदर.

रात्रपाळी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद! काल पुन्हा लावलं, दिवे बंद, हेडफोन, आणि फक्त ड्रमर इयन पेसच्या मागे गेले. स्मोकमध्ये तो रिफ (गिटारची ती पुन्हा पुन्हा येणारी धून) लगेच पकडतच नाही, आधी नुसती हाय-हॅट म्हणजे ड्रम्सवरची झांजांची जोडी, रिफ एकटाच फिरतोय, मग स्नेअर ड्रम, मग बास, आणि मग सगळे एकदम. स्टुडिओतही याच क्रमाने येतात, इतक्या वेळा ऐकून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग दोन गाण्यांच्या मध्ये मंचावर मॉनिटरबद्दल (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर) ते बोलणं चालतं, सगळ्याचा आवाज सगळ्यापेक्षा मोठा हवा म्हणे, ते ऐकून इतकं जवळ वाटलं त्यांना! स्पेस ट्रकिन'ला अजून मध्येच हरवायला होतंय, पण या वेळी बंद नाही केलं, शेवटपर्यंत गेले.

@जुना_टेपरेकॉर्डर, तुमची कॅसेट नेमकी कितव्या मिनिटाला संपायची? आज तिथून पुढचंच ऐकणार आहे.