‘धनदांडगा’ म्हणजे नुसता श्रीमंत का?

ऐरोलीची शिक्षिका:
मी दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. परवा वर्गात बातम्यांची शीर्षकं सोप्या भाषेत लिहायला दिली होती. त्यात एक होतं, ‘मोक्याचा भूखंड धनदांडग्यांच्या घशात’. एका मुलीने लिहिलं, ‘चांगली जमीन श्रीमंतांना मिळाली.’ लाल पेन उचललं आणि थांबले. काहीतरी निसटलंय हे कळतंय, पण तिला नेमकं कसं समजावू?

ठाण्याहून:
‘दांडगा’ बघा. दांडगा उत्साह, दांडगा जनसंपर्क म्हणतो तेव्हा तो भरपूर, जोरदार. पण ‘दांडगाई’ म्हटलं की जबरदस्ती आली, आणि ‘धनदांडगा’ या दांडगाईच्या घरचा. पैशाच्या जोरावर दुसऱ्याला दाबणारा. ‘श्रीमंत’ तर पेशव्यांच्या नावाआधी आदराने लागायचा. जाता जाता, ‘मातब्बर’ही तपासा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विश्वासू, ज्याचा शब्द ग्राह्य धरावा असा. मराठीत तो वजनदार, पैसेवाला झाला. शब्द कोणाचा ग्राह्य धरला गेला, ते यात दिसतंच.

घणसोलीकर:
माझ्या आजोबांना गावात मातब्बर म्हणायचे. पैसा नव्हता. बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे आमच्या पडवीत येऊन बसायचे. आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकून घ्यायचे, सुपारी संपेपर्यंत बोलायचे नाहीत. त्यांनी सांगितलेलं सहसा कोणी मोडत नसे.

आता आम्हाला एकच शब्द लागतो, प्रकल्पग्रस्त. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. तेव्हापासून ‘साडेबाराचा प्लॉट’ हा आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. आमचा प्लॉट बहिणीच्या लग्नात विकला. तिथे आता इमारत उभी आहे आणि तिच्याच तळमजल्यावरच्या गाळ्याचं भाडं माझा काका दर महिन्याला भरतो.

वाशीहून:
‘ग्रस्त’चा धातू ‘ग्रस्’, म्हणजे गिळणे. ग्रास त्यातलाच आणि आपला घासही. प्रकल्पग्रस्त म्हणजे शब्दशः प्रकल्पाने गिळलेला! भूखंडाचं श्रीखंड, मलिदा लाटणे, पोटावर पाय, तोंडचा घास काढणे... या विषयावर मराठी बोलते ती खाण्याच्याच भाषेत, कारण ज्याचं जातं त्याचा घासच जातो. पुस्तकात मात्र ‘संपत्तीचे केंद्रीकरण’. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे सुमारे ४० टक्के संपत्ती होती, असा विषमतेच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. ‘केंद्रीकरण झालं’ म्हटलं की पाणी उताराला लागावं तसं ते आपोआप झाल्यासारखं वाटतं. मला तो शब्द म्हणूनच खटकतो.

ठाण्याहून:
आणि वाक्प्रचार ‘घशात घालणे’ असा आहे. शीर्षकात क्रियापद गाळलंय, म्हणून घालणारा दिसत नाही. गिळणारा एक आणि घालणारा दुसरा, सही-शिक्का हातात असलेला.

ऐरोलीची शिक्षिका:
सापडलं. तिचं ‘श्रीमंत’ एक वेळ चालेल, ‘मिळाली’ चालणार नाही. उद्या फळ्यावर तेच शीर्षक लिहिते आणि मुलांकडून पूर्ण वाक्य करून घेते, कर्त्यासकट.