नव्या व्हिडिओची लिंक कुठे आणि किती वेळा द्यावी?

प्रश्न (फोंडा): घुमट आरतीचे (घुमट म्हणजे मातीच्या भांड्याला कातडे चढवून केलेले गोव्यातील वाद्य) ताल शिकवणारे व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकतो. गेल्या चतुर्थीत वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटांत एकच लिंक लागोपाठ तीन दिवस टाकली, तेव्हा दोघे गट सोडून गेले. कोणाला न कंटाळवता प्रसार कसा करावा?

उत्तर (डिचोली): व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) करावी. तीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. तरीही आधी विचारलेले बरे.

उत्तर (पेडणे): लिंकपेक्षा सोबतचे वाक्य महत्त्वाचे. ‘माझा नवा व्हिडिओ पाहा’ असे लिहिण्याऐवजी, घुमटाला घोरपडीऐवजी बकऱ्याचे कातडे चढवल्यावर नादात पडणारा फरक कितव्या मिनिटाला ऐकू येतो हे सांगितले, तर ज्याला वाजवायचे आहे तो आपणहून उघडतो. (बाकीच्यांनी उघडावा तरी कशाला?) आणि हे चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी, सराव सुरू होताना सांगावे, ऐन सणात माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायची की व्हिडिओ पाहायचे?

उत्तर (मडगाव): दुसऱ्यांच्या शॉर्ट्सखाली (यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंखाली) प्रतिक्रियांत लिंक चिकटवू नये. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून तेथील लिंक दाबूनही उघडत नाहीत. स्वतःच्या शॉर्टला मूळ व्हिडिओ जोडण्याची सोय यूट्यूबनेच दिली आहे.