ईबीटी कार्डावरचे पैसे मध्यरात्रीत साफ, परत मिळतात का?

सदाफुली:
अमेरिकेतल्यांना विचारतेय. आई इथली सिटिझन, वय ७४, तिचे स्नॅपचे, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचे, पैसे ईबीटी कार्डावर येतात (सरकारी मदतीचं डेबिटसारखं कार्ड). या महिन्याचे रात्री बाराला जमा झाले आणि अर्ध्या तासात सगळे गेले, तेही दुसऱ्याच राज्यातल्या दुकानात. कार्ड आईच्या पर्समध्येच आहे आणि पिन तिने कोणालाच सांगितलेला नाही, मलासुद्धा नाही. डेबिट कार्डाचं असं झालं तर बँक भरून देते ना, मग हे मिळतील का?

रात्रपाळी:
स्किमिंग. दुकानातल्या कार्ड मशीनवर हुबेहूब तसंच दिसणारं कव्हर चिकटवतात, ते पट्टीवरची माहिती पण घेतं आणि दाबलेला पिन पण, मग डुप्लिकेट कार्ड बनवून पैसे जमा व्हायच्या रात्रीची वाट बघत बसतात. बहुतेक राज्यांत ईबीटी कार्डावर अजून चिपच नाही, नुसती चुंबकीय पट्टी. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये चिपवाली कार्डं द्यायला सुरुवात केली, बाकीच्यांचं चाललंय निवांत. आधी कार्डामागच्या नंबरवर फोन करून ते बंद करा, बाकी सगळं नंतर.

पाटीपेन्सिल:
परत मिळायचं अवघड आहे, खोटी आशा नाही लावत. डेबिट कार्डाला जो कायदा वाचवतो त्यातून ईबीटीला १९९६ सालीच वगळलंय, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच कमी त्यांनाच संरक्षण नाही, काय बोलणार! मध्ये केंद्राच्या पैशातून भरपाई मिळायची पण ती १ ऑक्टोबर २०२२ ते २० डिसेंबर २०२४ या काळातल्या चोरीपुरतीच होती. तरी पोलिसांत तक्रार करा, स्नॅप ऑफिसला कळवा आणि राज्य स्वतःच्या फंडातून काही देतं का ते विचारा.

रात्रपाळी:
पुढच्या महिन्यासाठी, पैसे जमा व्हायच्या आदल्या दिवशी पिन बदलायचा, जुना पिन चोरलेला असला तरी मग उपयोग नाही. आणि बऱ्याच राज्यांच्या ॲपमध्ये कार्ड लॉक करता येतं, काही ठिकाणी राज्याबाहेरची आणि ऑनलाइन खरेदी पण बंद ठेवता येते. लॉक असलं तरी पैसे जमा होतातच, फक्त दुकानात रांगेत उभं राहिलं की उघडायचं. मशीनचा कीपॅड जाड वाटला, हलला, तर तिथे कार्ड घालूच नका.

बिनसाखर:
आणि आता "तुमचं कार्ड बंद झालंय, या नंबरवर फोन करा" असे मेसेज आले तर हात लावू नका. खरं ऑफिस पिन कधीच विचारत नाही. माझी शेजारीण असल्याच मेसेजला फसली.

सदाफुली:
थँक्यू सगळ्यांना. कार्ड बंद केलं, नवीन पोस्टाने येतंय, ॲप माझ्या फोनवर टाकलं. लॉक उघडायला आता आई दुकानातून मला फोन करणार. पिन तेवढा मीच सेट करून देते म्हटलं तर म्हणाली, तुला कशाला कळायला हवा.