पाद्री वाईट म्हणून बाप्तिस्माही खोटा?
वर एकाने म्हटलंय की पाद्रीच भ्रष्ट निघाला तर त्याने दिलेल्या बाप्तिस्म्याला काय अर्थ उरतो. अहो हा वाद सोळाव्या शतकातल्या चर्चसुधारक ल्यूथरच्याही बाराशे वर्षं आधीचा आहे, ३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळायचा हुकूम काढला तेव्हा काही बिशपांनी घाबरून पोथ्या सरकारी माणसांच्या हवाली केल्या (उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बिशप मेन्सुरियसने तर सांगितलं की खरे ग्रंथ लपवले आणि पाखंडी लोकांची पुस्तकं पुढे केली) आणि छळ थांबल्यावर डोनाटिस्ट मंडळी (तिथलाच एक कडवा ख्रिस्ती गट) म्हणाली की अशांच्या हातचा कुठलाच संस्कार खरा नाही. पुढे बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टिनचं उत्तर होतं की संस्कार ख्रिस्ताचा असतो, पाद्र्याचा नाही. मला हे पटतं, नाहीतर साध्या माणसाने आपला बाप्तिस्मा खरा की खोटा हे कुणाला विचारायचं?

पण म्हणून पाद्र्याला जाब विचारायचा नाही असं अजिबात होत नाही, आणि चर्चने घोळ घातला तो इथेच. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची गुपचूप दुसऱ्या पॅरिशमध्ये (म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये) बदली, वर्षानुवर्षं हेच. अशी तक्रार वर कळवणं जगभरातल्या कॅथलिक पाद्र्यांना बंधनकारक करणारा पोपचा नियम आला २०१९ मध्ये, इतका उशीर! आणि १८७० चा पोपच्या अचूकतेचा (पोप चुकू शकत नाही असा) ठराव कृपया यात आणू नका, तो श्रद्धा आणि नीतीबद्दलच्या औपचारिक घोषणेपुरता आहे, पोपच्या वागण्याबद्दल नाही.