इम्युनोथेरपी संशोधनासाठी घेतलेले रक्तनमुने मुंबईला पोहोचेपर्यंत खराब का होतात?

प्रश्न – संशोधन समन्वयक, नाशिक

नमस्कार. आमच्या रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बरेच येतात आणि त्यांपैकी काहींना निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारे औषध सुरू होते. या औषधाचा गुण कोणाला येतो व कोणाला येत नाही, याचा शोध घेणाऱ्या एका अभ्यासासाठी आम्ही पहिल्या डोसाआधी आणि पुन्हा सहाव्या आठवड्यात रक्त घेतो. बायोप्सी झाल्यास गाठीचा तुकडाही मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवतो. गेल्या महिन्यातील अकरा रक्तनमुन्यांपैकी चार ‘पेशी मृत’ असा शेरा मिळून बाद झाले. सायंकाळी चारपर्यंत काढलेले रक्त बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यात घालून आम्ही रात्रीच्या कुरिअरने रवाना करतो आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते. वाटेत शीतसाखळी कुठेही तुटत नाही, तरीही असे का व्हावे?

उत्तर १ – प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नवी मुंबई

ताई, शीतसाखळी तुटत नाही हेच तर दुखणे आहे. लस थंड ठेवावी लागते म्हणून रक्तही थंड ठेवावे, असा समज सर्वत्र आढळतो. पण तुमच्या अभ्यासाला हव्या असलेल्या टी पेशी, म्हणजे कर्करोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जिवंत हव्या आहेत आणि त्यांना १८ ते २५ अंशांचे साधे तापमान मानवते. आम्ही हे रक्त १.०७७ घनतेच्या फायकॉल द्रावणावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो, तेव्हा तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो आणि या दोहोंमध्ये सायीसारखा एक पातळ, पांढुरका थर धरतो. तोच थर पिपेटने उचलायचा असतो. रक्त फार वेळ पडून राहिले किंवा गारठले, की एरवी तळाशी जाणाऱ्या ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते आणि त्या या थरात मिसळतात. थर जाड दिसतो, नवख्या माणसाला आनंद होतो, आणि पुढच्या चाचणीत टी पेशींचा प्रतिसाद मंदावलेला निघतो. ट्रिपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की मेलेल्या पेशी निळ्या होतात. तुमच्या चार नमुन्यांत बहुधा निळाच रंग जास्त दिसला असावा.

रक्त काढल्यापासून आठ तासांच्या आत पेशी वेगळ्या होणे उत्तम. त्यामुळे रक्त सकाळी घ्या, डब्यातून बर्फ काढून टाका आणि नमुना दिवसाच्या गाडीने पाठवा. याहून चांगला मार्ग म्हणजे पेशी नाशिकमध्येच वेगळ्या करून दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे रसायन) असलेल्या माध्यमात, दर मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने गोठवणे. मात्र मग त्यांचा पुढचा प्रवास कोरड्या बर्फातच (घनरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये) व्हायला हवा आणि इथे आल्यावर त्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जायला हव्यात. नळीवर केवळ तारीख नको, रक्त काढल्याची नेमकी वेळही हवी. रुग्णाला डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड दिले असेल तर तेही नोंदवा, कारण त्याने लिम्फोसाइटची (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची) संख्या घटते.

उत्तर २ – पॅथॉलॉजिस्ट, पुणे

गाठीच्या तुकड्याबद्दल थोडे लिहितो. निदानाला लागेल तेवढा भाग आधी बाजूला काढलाच पाहिजे; संशोधनाला उरलेला भाग मिळतो, आणि तो कुठून कापायचा हे पॅथॉलॉजिस्टने ठरवावे, हा माझा आग्रह आहे. पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरील, प्रतिकारशक्तीला रोखणारे प्रथिन) तपासणीला फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केलेला ठोकळा चालतो, पण गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट वाढवायच्या असतील तर फॉर्मॅलिनचा थेंबही लागता कामा नये. तो तुकडा निर्जंतुक माध्यमात, दोन ते आठ अंशांत पाठवावा लागतो. म्हणजे रक्ताचा नियम इथे उलटा होतो, आणि दोन्ही एकाच डब्यात घातले की कोणीतरी एक बिघडणारच. तोंडातील गाठीत जिवाणू व बुरशी असतातच, म्हणून प्रतिजैविके घातलेल्या द्रावणात तुकडा धुतल्याखेरीज कल्चर टिकत नाही.

उत्तर ३ – एथिक्स कमिटीवरील (संशोधनातील नैतिकता तपासणाऱ्या समितीवरील) सामान्य सदस्य, नागपूर

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, त्यामुळे कागदाविषयीच बोलते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाला वाचता येत नसेल तर संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो. रक्त सकाळी घ्यायचे ठरवाल तेव्हा संमतीची घाईही सकाळी, ओपीडीच्या रांगेत होईल, ही मला धास्ती वाटते. ती आदल्या भेटीतच घ्या. उरलेला नमुना पुढील अभ्यासांसाठी जपून ठेवायचा असेल तर त्याचा पर्याय स्वतंत्र असावा. ‘या अभ्यासाला हो, पण पुढच्यांना नाही’ असे म्हणण्याची मुभा रुग्णाला हवी. आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य छापून भागत नाही. ते डॉक्टरांनी नव्हे, दुसऱ्या कोणी समजावून सांगितलेले बरे, कारण डॉक्टरांसमोर आपल्याकडचा माणूस मान डोलावतोच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. रक्त आता सकाळी नऊला घेतो, डब्यात बर्फ नसतो आणि नमुना त्याच दिवशी दुपारी मुंबईत पोहोचतो. तुकड्यासाठी वेगळा डबा केला आहे. संमती आदल्या भेटीत आमच्या समाजसेविका घेतात. तेव्हापासून दोघांनी नकार दिला, पूर्वी एकही येत नसे. पाठवलेल्या सहांपैकी पाच नमुने स्वीकारले गेले. सहाव्यातील पेशी जिवंत होत्या, पण अगदीच थोड्या निघाल्या. चौकशी केल्यावर कळले, की सूज आली म्हणून रुग्णाला गावच्या डॉक्टरांनी तीन दिवस डेक्सामेथासोन दिले होते आणि आमच्या अर्जात तो रकानाच नव्हता. तो आता घातला आहे.